पाऊण सेकंद

हिनासे बंदरामागच्या गल्लीत
कुराताबाईंचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
काचेखाली निळी मखमल, मखमलीवर दोघेच उरलेले:
एक काळा, साबणाच्या वडीएवढा,
दुसरा चंदेरी, कोपऱ्यात चेपलेला,
कुणाच्या तरी हातून पायरीवर पडला असावा.
काळ्याचे नऊ हजार आठशे येन.
चंदेरीचे चार हजार, आणि खाली बाईंच्या अक्षरात चिठ्ठी:
"हळू आहे. बाकी दोष नाही."

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली.
म्हणाले, माझ्याबद्दलच लिहिलंय.

फोटो त्यांनाच हवा होता,
स्वतःच्या अंत्यविधीत फुलांमध्ये ठेवायला.
आमच्याकडे म्हातारी माणसं हे वेळेवर उरकतात,
थंडीआधी छपराची कौलं बघून घ्यावीत तसं.
आईच्या वेळी फार धावपळ झाली.
सोसायटीच्या सहलीचा ग्रुप फोटो सापडला,
त्यातून तिला कापून काढली, मोठी केली,
खांद्यावर शेजारणीची तीन बोटं तशीच राहिली.
तेरा वर्षं बाबा रोज
त्या बोटांनाही उदबत्ती लावतात.

मी दिवसभर कालवं फोडते.
काळ्याची बटणं तांदळाच्या दाण्यासारखी,
एक दाबावं तर दोन दबतात.
पण झूम दहापट, बॅटरी नवी,
आणि अंधारातही म्हणे बरं दिसतं.
"दोन्हींनी काढून बघा," बाई म्हणाल्या,
"कार्ड माझंच आहे."

बाबा स्टुलावर बसले. पाठ ताठ, मुठी गुडघ्यांवर.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं खोलली या माणसानं,
भिंगासमोर आला की त्याचंच बंद पडतं.

काळा: दाबलं आणि झालं.
पडद्यावर बाबा, सुरकुती न् सुरकुती जागच्या जागी,
पासपोर्टच्या रांगेत नंबर लागल्यासारखे.

चंदेरी: दाबलं. काही नाही.
आत कुरकुरलं. भिंग पुढे आलं, मागे गेलं,
उशाखाली चष्मा चाचपावा तसं.
बाबांना वाटलं, झालं.
श्वास सोडला. खांदे उतरले.
छताच्या पंख्याकडे बघून म्हणाले,
"बेअरिंग गेलंय याचं"
आणि तेव्हा कुठे क्लिक.

तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर,
नजर चौकटीबाहेरच्या कशावर तरी
जे अजून दुरुस्त होऊ शकतं.

"बिघडला," बाबा म्हणाले. "काळा घे. वरचे पैसे मी देतो."
बाई गप्प. काळा विकला गेला असता तर
त्यांचाच फायदा होता, तरी गप्प.
मी मनात बेरीज केली:
मेगापिक्सेल, झूम, बॅटरी, सगळं त्या बाजूला.
या बाजूला नुसता उशीर.

चंदेरी घेतला.
बाईंनी तीनशे कमी केले,
काळ्याची दोरी सोडून याला बांधून दिली.
बाबा घरापर्यंत बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी पाना आणि ग्रीसची डबी घेऊन
एकटेच दुकानात जाऊन आले.

आता ते शिकलेत.
मी दाबते, भिंग आतबाहेर करतं,
ते मनात काहीतरी मोजत बसतात,
आणि क्लिक होईपर्यंत पापणी हलत नाही.
सतरा फोटो झाले. सतराही पासपोर्टचे.
कौलांची वेळ जवळ आलीय, असं तेच म्हणतात,
आणि पुन्हा शर्टाचं वरचं बटण लावतात.

काल क्लिक झाल्यावर मी कॅमेरा खाली घेतला,
पोटाशी धरून, न बघताच, परत दाबला.
"झालं का?" त्यांनी विचारलं.
"झालं," मी म्हटलं.
पाऊण सेकंदापुरतं खोटं.